पेटीवरचं देशाचं नाव

पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावर दोन रस्ते भेटतात. एक कोकणचा. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासून सुरू होतो आणि आंब्याच्या दिवसांत रत्नागिरी-देवगडचा हापूस याच रस्त्याने वाशीच्या मार्केटला येतो. दुसरा न्हावा-शेवा बंदराचा, इकडे सगळे त्याला जेएनपीटी रोड म्हणतात. नाशिकची द्राक्षं, सांगलीची हळद, पुण्याकडच्या कारखान्यांतले सुटे भाग, पेणच्या गणेशमूर्ती असं काय काय त्या रस्त्याने बंदरात जातं. १९८९ साली सुरू झालेल्या या बंदरात आता वर्षाला ७० लाखांहून जास्त टीईयू माल चढतो-उतरतो. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरचं माप. पनवेल-उरण पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटते: ट्रेलरचे ड्रायव्हर, कंटेनर गोदामांतले हमाल, क्लिअरिंग एजंट, टायरवाले, चहाच्या टपऱ्या.

कंटेनरला सील लागण्याआधी कागद भरले जातात. माल कोणता, वजन किती, किंमत काय, जाणार कुठे. त्यातच एक रकाना असतो, माल कोणत्या देशाचा. तिथे ‘भारत’ असं सवयीने लिहिलं जातं, त्या शब्दाकडे कुणी दुसऱ्यांदा बघतही नाही. पण त्या एका शब्दाचा मालाच्या विक्रीवर परिणाम होतो, आणि तो परिणाम आकड्यांत मोजता येतो. मला हे कळलं तेव्हापासून जेएनपीटी रोडवरच्या कंटेनरच्या रांगेकडे मी वेगळ्याच नजरेने बघतो.

दोन देशांत किती व्यापार होईल याचा अंदाज बांधायचं एक जुनं सूत्र आहे. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी १९६२ मध्ये ते मांडलं. दोन्ही अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका व्यापार जास्त, अंतर जितकं मोठं तितका कमी. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणासारखंच, म्हणून नावही तेच पडलं. एवढं साधं सूत्र, पण ते चकित व्हावं इतकं जुळतं. तरी काही देशांचा माल सूत्र सांगतं त्याहून जास्त खपतो, काहींचा कमी. ही तफावत कशातून येते?

तेव्हा अमेरिकेतल्या बर्कली इथे असलेले अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू रोझ यांनी या तफावतीत एक वेगळीच गोष्ट शोधली. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिससाठी काही वर्षं एक जनमत चाचणी होत असे. अनेक देशांतल्या सामान्य लोकांना विचारलं जाई की अमुक देशाचा जगावर होणारा परिणाम तुम्हाला चांगला वाटतो की वाईट? त्यात व्यापाराचा उल्लेखही नसे. रोझ यांनी ही उत्तरं त्या जुन्या सूत्रात घातली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लाइक मी, बाय मी’ या निबंधात त्यांचा निष्कर्ष आहे: बाकी सगळं सारखं धरलं तर एखाद्या देशाबद्दलचं मत १ टक्क्याने सुधारलं की त्या देशाची तिथली निर्यात सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढते.

या पद्धतीतली खुबी अशी की एकाच देशाबद्दल वेगवेगळ्या गिऱ्हाईक देशांत वेगवेगळं मत असतं. माल तोच, कारखाना तोच, दर तोच. बदलतं ते बघणाऱ्याचं मन. त्यामुळे मालाचा दर्जा बाजूला ठेवून मनाचा परिणाम वेगळा काढता येतो. माल आवडल्यामुळे देश आवडू लागतो, असं उलटं होत नसेल का? होतच असणार. रोझ यांनी तो धागा वेगळा काढायचा प्रयत्न केला आहे, पण असल्या गुंत्यात शेवटचा शब्द कुणाचाच नसतो.

याहून जास्त थक्क करणारा पुरावा एका भांडणातून मिळाला. २००३ मध्ये इराक युद्धाला फ्रान्सने विरोध केला आणि अमेरिकेत फ्रान्सविरुद्ध रागाची लाट उसळली. अमेरिकी संसदेच्या उपाहारगृहाने ‘फ्रेंच फ्राइज’चं नाव बदलून ‘फ्रीडम फ्राइज’ केलं, ते तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आलं होतं. अर्थशास्त्रज्ञ गाय मायकेल्स आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने नंतर त्या काळातले व्यापाराचे आकडे तपासले. अमेरिकी जनतेच्या मनातली फ्रान्सची पसंती वर्षभरात ४८ टक्केबिंदूंनी घसरली होती आणि दोन्ही देशांतला व्यापार सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाला होता. वाइन आणि अत्तराचा खप पडला असता तर नवल नव्हतं. पण कारखान्यांना लागणारा कच्चा माल आणि सुटे भागही जवळपास तितकेच, सुमारे ८ टक्क्यांनी, घसरले होते. म्हणजे दर आणि दर्जा पाहूनच ऑर्डर देतो असं सांगणारे खरेदी विभागाचे लोकही मनातल्या मनात देशाचं नाव वाचत होते.

असं का व्हावं, याचं उत्तर मला आंब्याच्या पेटीत सापडतं.

हापूसच्या पेटीत फळ वरून सोनेरी, देठाशी गोल, वासाने घर भरून टाकणारं असलं तरी आत साका, म्हणजे गराची खराबी, आहे की नाही हे कापल्याशिवाय कळत नाही. कोकणातला मुरलेला बागायतदारही छातीठोक सांगू शकत नाही. फळमाशी सालीच्या जरा खाली अंडी घालते, तीही डोळ्यांना दिसत नाहीत. मग लंडनच्या दुकानात पेटी उचलणारा माणूस नेमकं काय विकत घेतो? आत चांगलंच असेल, हा भरवसा. त्याला बागायतदाराचं नाव माहीत नसतं, पॅकहाउसचं नसतं. पेटीवरचं जे एकच नाव त्याच्या ओळखीचं असतं, ते देशाचं. जिथे आतलं दिसत नाही तिथे पत चालते, आणि अनोळखी माणसापर्यंत पोचते ती देशाची पत.

ही पत सामाईक असते, यातच सगळी गंमत आणि सगळं दुःख आहे. २०१३ या एका वर्षात युरोपीय संघात पोचलेल्या भारतीय फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि तत्सम कीड सापडली. त्या सगळ्या काही हापूसच्या नव्हत्या. तरी १ मे २०१४ पासून संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली, आणि सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळू यांच्यावरही. रत्नागिरीच्या ज्या बागायतदाराने झाडावरचं एकेक फळ देठासकट झेल्याने उतरवलं होतं, त्याने अळूचं पान कधी पाठवलं नव्हतं. पण युरोपच्या नोंदवहीत त्याचं आणि अळूवाल्याचं नाव एकच होतं. तारीख तरी कोणती, तर ऐन हंगामाची.

याच प्रसंगात पत या गोष्टीची दुसरी बाजूही दिसली. लेस्टर आणि लंडनमधल्या भारतीय वस्त्यांमध्ये हंगामी आंब्याचा धंदा करणारे व्यापारी हवालदिल झाले. मूळच्या गोव्याच्या घरातले ब्रिटिश खासदार कीथ वाझ हापूसची पेटी घेऊन पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीटवर पोचले. ब्रिटिश वर्तमानपत्रांत हापूसच्या चवीची वर्णनं आली. एखाद्या फळासाठी परदेशातल्या नागरिकांनी आपल्याच सरकारकडे तक्रार करावी, हे भाग्य किती देशांच्या मालाला लाभतं? पिढ्यान् पिढ्या तिकडे गेलेल्या माणसांनी नेलेली चव तिथे पत म्हणून उभी राहिली.

पण बंदी उठली ती नुसत्या लाडावर नाही. त्यासाठी आंब्याला ४८ अंश सेल्सियसच्या गरम पाण्यात ६० मिनिटं बसावं लागलं. आकडा नीट बघा: पाणी थोडं जास्त तापलं तर फळ शिजतं, थोडं कमी तापलं तर अंडी जगतात. या दोन्हींच्या मधली ती अरुंद पट्टी. अशा प्रक्रियेची, तपासणीची आणि पॅकहाउसवरच्या देखरेखीची खात्री पटल्यावर जानेवारी २०१५ मध्ये संघाने आंब्यावरची बंदी मुदतीआधीच उठवली.

प्रत्येक देशाचा भरवसा वेगळ्या वाटेने मिळवावा लागतो. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडलं ते उष्ण बाष्पाची प्रक्रिया मान्य करून. अमेरिकेने २००७ मध्ये, १८ वर्षांच्या बंदीनंतर, आंबा घेतला तो विकिरणाची मात्रा दिल्यावर. आणि ही मात्रा दिली कुठे, तर कांद्याच्या लासलगावात! कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे उभारलेलं केंद्र आंब्याच्या कामी आलं. अमेरिकेची अट अशी की ही प्रक्रिया त्यांच्या निरीक्षकासमोर व्हावी. करोनाच्या काळात ते निरीक्षक येऊ शकले नाहीत आणि २०२० व २०२१ या दोन्ही हंगामांत अमेरिकेला आंबा गेलाच नाही. झाडं मोहरली, फळ धरलं, यंत्रं जागेवर होती. अडलं ते एका माणसाच्या साक्षीपाशी. २०२२ मध्ये निर्यात पुन्हा सुरू झाली.

द्राक्षाची कथा याहून कडू आहे, पण तिचा शेवट मला फार आवडतो. २०१० मध्ये महाराष्ट्रातली द्राक्षं नेहमीप्रमाणे थंड रीफर कंटेनरमधून न्हावा-शेव्याहून युरोपला निघाली. तिथल्या तपासणीत त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीचा शेंडा आवरायला बागायतदार हे वाढरोधक वापरत, बोलीत त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. जिथे माल नाकारला गेला तिथे शेतकऱ्याचं वर्षाचं पीक परक्या बंदरात अडकून पडलं. कर्ज काढून बाग उभी करणाऱ्याने काय करावं? यादीत काय नव्हतं याचा हिशेब त्याच्याकडून का घ्यावा? त्या हंगामातली नाशिक आणि सांगलीकडची घरं आठवली की अजून वाईट वाटतं.

त्यानंतरच्या वर्षांत जे उभं राहिलं ते मात्र बघण्यासारखं आहे. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेने ‘ग्रेपनेट’ ही नोंदणीव्यवस्था २००६ मध्येच सुरू केली होती. २०१० च्या फटक्यानंतर ती आणखी कडक झाली. निर्यातीची बाग म्हणून प्रत्येक प्लॉटची नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो. पुण्याजवळच्या मांजरीतलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या प्रयोगशाळांवर लक्ष ठेवतं. अंश मर्यादेत असतील तरच त्या प्लॉटचा माल पॅकहाउसमध्ये शिरतो. नेदरलँड्समधल्या गोदामात एखाद्या पेटीत खोट निघाली तर तिच्यावरच्या क्रमांकावरून उलट माग काढत दिंडोरी किंवा तासगावच्या नेमक्या त्या बागेपर्यंत पोचता येतं. यात मोठी गोष्ट कोणती घडली? ‘भारत’ या एका मोठ्या नावाच्या पोटात हजारो छोटी नावं उभी राहिली. एका बागेची चूक आता त्या बागेची म्हणून ओळखता येते, सगळ्यांच्या माथी मारावी लागत नाही. नेदरलँड्स आज आपल्या द्राक्षांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे.

कधी कधी मात्र मालाचा काडीचाही संबंध नसताना नाव जातं. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावी प्लेगचे रुग्ण आढळले, सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लोक शहर सोडून पळाले. मृतांची संख्या साठाच्या आत राहिली, पण टीव्हीवरची तोंडाला रुमाल बांधलेल्या गर्दीची चित्रं जगभर गेली. आखाती देशांनी विमानं थांबवली, काही देशांनी भारतीय माल घेणंच बंद केलं. व्यापारावर अशी बंधनं घालायची गरज नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. पण भीती आधी पोचते, खुलासा मागून.

आता ओढ लावणारी बाजू. तिची सुरुवात पनवेलमध्येच करता येईल. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. महाराष्ट्रात कित्येक घरांना पनवेल हे नाव रेल्वे जंक्शनच्या आधी औषधाच्या बाटलीवरून माहीत झालं. त्या काळात परदेशात आयुर्वेद कुणाला ठाऊक असणार! तो जगाला ओळखीचा होण्यात मोठा वाटा योगाचा, आणि योगाचा एक मोठा रस्ता पुण्यातून गेला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि मेनुहिननी त्यांना युरोपात नेलं. १९६६ मध्ये त्यांचं ‘लाइट ऑन योगा’ आलं. पुढे देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्या संस्थेत शिकण्यासाठी पुण्यात येऊन राहू लागले. अय्यंगारांनी कुठलीही वस्तू निर्यात केली नाही. पण त्यांच्याकडून परत गेलेल्या माणसाच्या मनात भारत ही शरीराबद्दल काहीतरी खोल जाणणारी भूमी झाली, आणि मग दुकानात हळद, अश्वगंधा, तीळतेल दिसलं की त्याचा हात तिकडे वळू लागला. डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आंतरराष्ट्रीय योग दिनाचा ठराव आला तेव्हा १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते. जाहिरातीवर कितीही पैसा ओतून असं प्रेम विकत मिळत नाही.

तरीही हे प्रेम कस्टम्सच्या दारापर्यंतच सोबत करतं. २००४ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातल्या दुकानांतल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी छापून आली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. वैद्य शोधन-मारण करून भस्म बनवतात तो विषय वेगळा, त्याला वेगळं शास्त्र आहे. पण बोस्टनच्या गिऱ्हाइकाला तो फरक सांगायला दुकानात कुणी नव्हतं. निव्वळ वनस्पतींच्या औषधांची निर्यातीपूर्वी जड धातूंसाठी तपासणी भारताने २००६ पासून सक्तीची केली. युरोपीय संघाने पारंपरिक वनौषधींसाठी नियम केला की औषध किमान ३० वर्षं वापरात असल्याचा, आणि त्यातली १५ वर्षं युरोपातच, पुरावा द्या. २०११ पासून तो पूर्ण लागू झाला. तीन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्याला १५ वर्षांचा कागद दाखवता येईना.

मला वाटतं, आपण इथेच गफलत करतो. ओढ आणि भरवसा यांना आपण एकच समजतो. योग, सिनेमा, गणेशोत्सव, हापूसचा वास यांनी ओढ लागते, आणि ती आपल्याकडे उदंड आहे. भरवसा मात्र प्रयोगशाळेतल्या नोंदी, थर्मामीटर आणि वेळेवर आलेला निरीक्षक यांतून तयार होतो. पहिल्याचा आपण सोहळा करतो, दुसऱ्यासाठी माणसं भरायची वेळ आली की पदं रिकामी ठेवतो.

बदनाम नाव फिरवता येतं का? जर्मनीने ते करून दाखवलं. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात जर्मनीचेच प्रतिनिधी फ्रान्झ रॉयलो यांनी आपल्या देशाचा माल स्वस्त आणि वाईट असल्याचं जाहीर लिहिलं. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव छापा, गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून. इशारा म्हणून छापलेलं ते ‘मेड इन जर्मनी’ काही दशकांत दर्जाचा शिक्का बनलं. जपानी मालालाही एकेकाळी तकलादू म्हणत. १९५१ मध्ये त्यांनी गुणवत्तेसाठी डेमिंग पारितोषिक सुरू केलं, १९५७ मध्ये निर्यात मालाच्या तपासणीचा कायदा आणला. आपलाही असा कायदा १९६३ चा आहे.

पण मिळवलेलं नाव रोज राखावं लागतं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगने भारतातल्या दोन कंपन्यांच्या चार मसाल्यांत एथिलीन ऑक्साइड हे घातक रसायन सापडल्याचं जाहीर केलं, सिंगापूरनेही पाऊल उचललं. ब्रिटनने पुढच्याच महिन्यात त्या चार मसाल्यांपुरतं न थांबता भारतातून येणाऱ्या सगळ्याच मसाल्यांची तपासणी वाढवली. सांगलीच्या हळदीला द्राक्षासारखी बागेपर्यंतची ओळख असती तर ती या रांगेत उभी राहिली असती का?

मे २०२५ मध्ये हवाई मार्गाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा तिथल्या विमानतळांवर अडल्या. वाद कीड सापडल्याचा नव्हता. प्रक्रिया झाल्याचा दाखला नीट नाही, असं म्हणणं होतं. परत आणा किंवा नष्ट करा, असे दोनच पर्याय होते. आंबा परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून तो तिथेच टाकून द्यावा लागला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेल तालुक्यात उलव्याजवळ नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. कोकणचा आंबा पळस्प्यावरून वाशीला जाईल, तिथे त्याच्यावर प्रक्रिया होईल आणि सहारच्या विमानतळापर्यंत मुंबईची गर्दी न कापता तो खाडीच्या याच बाजूने उडू शकेल. नाशवंत मालाचे काही तास वाचतील, ते मोलाचे आहेत. वाचलेल्या त्या तासांत दाखला दोनदा तपासणारा माणूस, नमुना घेणारी प्रयोगशाळा आणि रात्रपाळीला हजर असलेला वनस्पती संगरोध अधिकारी या पनवेल-उरण पट्ट्यातच मिळावा, एवढं मला मनापासून हवं आहे.